सुईचा भार

कामगार संघटनेत उभा जन्म घालविलेल्या माणसाने वसंतातल्या व्याख्यानासाठी तबकडी, सुई आणि ती फिरविणारे यंत्र हा विषय निवडावा, याचे श्रोत्यांना नवल वाटले तर ते स्वाभाविक आहे. आमच्याकडून बोनस, ग्रॅच्युइटी, गिरण्यांच्या जमिनी यांवर दोन शब्द ऐकण्याची लोकांना सवय आहे. शिवाय आमचे शालेय शिक्षण नवव्या इयत्तेपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते कामगार वाचनालयाच्या बाकावर आणि जाणत्या कारागिरांच्या संगतीत. ध्वनिशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु एक तबकडी आमच्या हातून कायमची बिघडली. ती का बिघडली याचा शोध घेता घेता आम्ही सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासात जाऊन पोहोचलो. तो इतिहास आणि त्यातून निघणारे व्यवहाराचे चार नियम आपणांपुढे ठेवावेत, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

आधी ती हकीकत सांगतो.

आमचे वडील गिरणीत साचाखात्यात होते. त्याच खात्यातले त्यांचे एक जोडीदार आमच्याच चाळीत राहत. त्यांनी हप्त्याहप्त्याने पैसे भरून एक रेकॉर्ड-प्लेअर घेतला होता. रविवारी दुपारी त्यांच्या दारात चटई पडे आणि आम्ही पोरे तिच्यावर जागा धरून बसत असू. सुईला हात लावायची मुभा कोणालाच नव्हती, त्यांच्या थोरल्या मुलालाही नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दिवाळीच्या आत त्या कुटुंबाने कोकणची वाट धरली. भांडी विकली, सायकल विकली. पण प्लेअर आणि चौदा तबकड्यांची पेटी त्यांनी आमच्या वडिलांच्या स्वाधीन केली. "गिरणी सुरू झाली की येऊन नेतो," असे म्हणाले. ते आले नाहीत.

वडिलांच्या मागे ती पेटी आम्ही संघटनेच्या कचेरीत आणून ठेवली. कधी मे दिनाला, कधी रविवारी एखादी तबकडी लावीत असू. सुई मूळचीच होती. ती बदलावी लागते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. २००३ साली ती मध्येच उड्या मारू लागली. तेव्हा कोणीतरी तोडगा सुचविला की आर्मच्या डोक्यावर एक रुपयाचे नाणे ठेवा. आम्ही ठेवले. उड्या थांबल्या आणि आम्ही खूश झालो. ते नाणे तेथे सहा वर्षे राहिले.

२००९ साली त्या गृहस्थांचा मुलगा गावाहून आला. वडील वारले होते. त्यांची आवडती नाट्यपदांची तबकडी एकदा ऐकावी, मग पेटी न्यावी, असे त्याच्या मनात होते. आम्ही ती लावली. आवाज वाळूतून ओढल्यासारखा येत होता. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, बाबा लावायचे तेव्हाही अशीच खरखर होती का?"

नव्हती. ती आमच्या हातून झाली होती, आणि तसे त्याला सांगावे लागले.

एका रुपयाचे ते पोलादी नाणे जवळजवळ पाच ग्रॅमचे होते. पाच ग्रॅम म्हणजे काय, हे आम्हांला त्यानंतर शिकावे लागले. लॅमिंग्टन रोडवरच्या एका वृद्ध मिस्त्रींनी ती सुई भिंगाखाली दाखविली. तिचे टोक गोल राहिले नव्हते. दोन्ही बाजूंनी छिन्नीसारखे सपाट झाले होते. मिस्त्री म्हणाले, "ही सुई नव्हे, पटाशी आहे. तुम्ही गाणे ऐकत नव्हता, तासत होता." त्या एका वाक्याने आमचा अभ्यास सुरू झाला.

तबकडी वाजते म्हणजे काय होते? तिच्यावर एक लांब चर असतो. तो काठापासून आत वळत वळत जातो आणि आवाजाच्या लहरींप्रमाणे डावी-उजवीकडे नागमोडी झालेला असतो. सुई त्या चरातून जाते, हलते, आणि त्या हलण्याचा पुन्हा आवाज होतो. दोन पदार्थ एकमेकांवर घासतात, तेव्हा त्यांपैकी एकाने तरी झिजायचेच. गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रश्न एवढाच की झिजायचे कोणी? तबकडीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, असे आमचे मत झाले आहे.

एडिसनने १८७७ साली आवाज धरून ठेवला तो कथलाच्या पातळ पत्र्यावर. तो पत्रा चार-दोन वेळा वाजला की निकामी होई. येथे झीज सोसणारा आवाजच होता. १८८७ साली एमिल बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडीची कल्पना मांडली. सपाट तबकडीचा मोठा गुण असा की एका साच्यावरून हजारो प्रती छापता येतात. सुरुवातीला ती कठीण रबराची होती. १८९० च्या दशकातच रबर मागे पडले आणि लाख आली.

ही लाख आपली. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो स्राव सोडतात, तो खरवडून ती तयार होते. जगाच्या बाजारात जाणाऱ्या लाखेचा फार मोठा भाग हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलभागातून जात असे. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला. त्याने गौहरजान आणि इतर कलावंतांचे गाणे मुद्रित केले. पण त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तेथून बोटीने आपल्याकडे विकायला आल्या. लाख आपली, गळा आपला, आणि तयार माल परका. कापूस मँचेस्टरला जाऊन धोतरजोडी होऊन परत येत असे, त्याच धर्तीचा हा व्यापार होता. कलकत्त्यात छापखाना निघाला तो १९०८ साली, आणि दमदमचा मोठा कारखाना उभा राहिला तो १९२८ च्या सुमारास. आपल्या आजोबांच्या पिढीने घरोघर ऐकलेल्या पुष्कळशा तबकड्या दमदमच्या कामगारांनी तापत्या दाबयंत्रापुढे उभे राहून एकेक करून छापलेल्या आहेत. तबकडीवरच्या चिठ्ठीवर गवयाचे नाव असते, त्यांचे नसते; म्हणून येथे त्यांचा उल्लेख करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

लाखेची तबकडी निव्वळ लाखेची नसे. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळलेली असे, आणि लाखेचे काम मुख्यतः हे सारे बांधून ठेवण्याचे होते. दगडाची पूड कशासाठी? स्वस्ताईसाठी, हे खरे. पण दुसरेही एक कारण होते. चावीच्या फोनोला वीज नव्हती. खोलीभर ऐकू येणारा सगळा आवाज सुईच्या हालचालीतून, तिच्यामागच्या पातळ पडद्यातून आणि कर्ण्यातूनच निघायचा. हवा हलविण्याची सारी मेहनत सुईच्या टोकावर होती. म्हणून सुईवरचे डबडे चांगले जड असे. त्याचा भार शंभर ग्रॅमच्याही वर जाई. एवढ्या भाराखाली तबकडी टिकावी कशी? त्यावर काढलेली तोड मोठी हिशेबी होती. तबकडी कठीण व खरबरीत ठेवायची आणि सुई मऊ पोलादाची घ्यायची. पहिल्या काही फेऱ्यांतच दगडाची पूड सुईला घासून चराच्या आकाराची करी. मग ती चरात नीट बसे, बाजू संपेपर्यंत झिजे, आणि फेकून दिली जाई. दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे तीन मिनिटांचे गाणे. त्या तीन मिनिटांत सुई सुमारे सव्वाशे मीटर खरडत जाते.

म्हणजे त्या काळी झिजण्याचे काम सुईकडे होते. म्हणूनच सुया डबीने विकत मिळत आणि प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी असा दंडक होता. ज्या घरात काटकसर म्हणून एकच सुई पाच-पाच वेळा वापरली गेली, त्या घरातल्या तबकड्या आज करड्या पडलेल्या दिसतात. ज्या घरात दंडक पाळला गेला, तेथल्या शंभर वर्षांनंतरही काळ्याभोर आहेत. चोरबाजारात जुन्या तबकड्या चाळताना आम्ही हा फरक डोळ्यांनी पाहिला आहे. तबकडीच्या रंगावरून त्या घराची शिस्त कळते.

१९२५ पासून ध्वनिमुद्रण विजेने होऊ लागले आणि त्यापाठोपाठ वाजविणेही विजेवर आले. वरवर पाहता हा केवळ आवाज मोठा करण्याचा शोध वाटतो. खरे पाहता त्याने श्रमाची वाटणीच बदलून टाकली. आता हवा हलविण्याचे काम अँप्लिफायर आणि लाऊडस्पीकर करणार; सुईने फक्त आपल्या हालचालीची बातमी विजेच्या रूपाने पुढे पोचवायची. तिच्या डोक्यावरचे ओझे उतरविण्याची सोय झाली. ओझे प्रत्यक्षात उतरायला मात्र पुढची कितीतरी वर्षे लागली. सोय झाल्याबरोबर ओझे उतरते असे नाही, हा अनुभव आम्हांला दुसऱ्या क्षेत्रातही आहे.

मग दुसरे महायुद्ध आले. पूर्वेकडून लाख मिळणे कठीण झाले आणि १९४२ साली अमेरिकन सरकारने तिच्या वापरावर कडक बंधने घातली. सैनिकांना पाठवायच्या तबकड्यांसाठी व्हिनाईल हे रासायनिक द्रव्य वापरले गेले. प्रवासात ते सहसा फुटत नाही. युद्ध संपल्यावर, जून १९४८ मध्ये, कोलंबिया कंपनीने व्हिनाईलची लाँग-प्ले तबकडी बाजारात आणली. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ३३⅓ फेऱ्या आणि एका बाजूवर वीस मिनिटांच्या वर गाणे. पुढच्याच वर्षी आर. सी. ए. कंपनीची ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. ख्याल गाणाऱ्याला तीन मिनिटांत उरकण्याची सक्ती उरली नाही, हा आपल्या संगीताला झालेला मोठा लाभ होय.

पण येथेच झिजेचा हिशेब उलटा झाला, आणि तो पुष्कळांच्या लक्षात आला नाही. व्हिनाईल मऊ आहे. त्यात दगडाची पूड नाही. म्हणूनच तिच्यातून लाखेची ती सततची सळसळ येत नाही. चर फार बारीक झाला. ७८ च्या सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाचा सुमारे तीन हजारांश भाग. लाँग-प्लेसाठी ती एक हजारांशावर आली, आणि स्टीरिओसाठी त्याहूनही कमी झाली. अशी सुई पोलादाची चालत नाही; ती नीलमाची किंवा हिऱ्याची लागते. हिऱ्याइतके कठीण दुसरे काय आहे? म्हणजे आता सुई कठीण आणि तबकडी मऊ. पूर्वी चूक झाली तर बहुधा दमडीची सुई मरायची. आता तबकडी मरते. चौदा तबकड्यांच्या पेटीचे आमच्या हातून जे झाले, ते याच उलट्या हिशेबामुळे.

१९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या सर्रास विकल्या जाऊ लागल्या. त्यामागची कल्पना अॅलन ब्लुमलीन या इंग्रज इंजिनिअराने १९३१ सालीच पेटंटसाठी नोंदविली होती. चराच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात असतात; एका भिंतीत डाव्या बाजूचा आवाज आणि दुसरीत उजव्या बाजूचा. त्यामुळे सुईला आडवे हलून भागत नाही, वरखालीही हलावे लागते. जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई वरखाली हलायला तयार नसते. ती स्टीरिओ तबकडीवर ठेवली तर भिंती खरवडते. ब्लुमलीनला आपल्या कल्पनेचा हा प्रसार पाहायला मिळाला नाही. १९४२ साली रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो गेला.

आता कार्ट्रिज निवडण्याकडे वळू. कार्ट्रिज म्हणजे सुईची हालचाल विजेत बदलणारी, आर्मच्या टोकाची छोटी डबी. तिचे तीन प्रकार ध्यानात ठेवले की पुरे. पहिला प्रकार स्फटिकाचा किंवा सिरॅमिकचा. हा स्वस्त, आणि याला अँप्लिफायरही साधा चालतो. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक घरगुती प्लेअरांत हाच असे. त्याला एक छोटी कळ असे. ती एका बाजूला फिरविली की ७८ ची सुई, दुसरीकडे फिरविली की लाँग-प्लेची. पण त्याचा भार पाच-सहा ग्रॅम आणि कधी त्याहूनही जास्त, आणि सुईची दांडी ताठ. दुसरा प्रकार हलत्या चुंबकाचा. सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला अगदी लहान चुंबक असतो आणि त्याच्या भोवती स्थिर वेटोळी असतात. अमेरिकेतील शुअर कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हा प्रकार पुढे आणला. तिसरा प्रकार हलत्या वेटोळ्याचा. डेन्मार्कची ऑर्टोफोन आणि जपानची डेनॉन यांची त्यातील कार्ट्रिजे प्रसिद्ध आहेत. त्याचा आवाज सूक्ष्म व उत्तम, पण सुई झिजली की बहुधा सारी डबीच बदलावी लागते किंवा कारखान्याकडे धाडावी लागते.

पगारावर जगणाऱ्या माणसाने हलत्या चुंबकाचा प्रकार घ्यावा, असे आम्ही निःशंकपणे सांगतो. त्याचा भार दीड ते अडीच ग्रॅम असतो, आणि सुई झिजल्यावर डबी तशीच ठेवून नुसती सुई ओढून काढता येते व नवी बसविता येते. घेताना एकच प्रश्न विचारावा: हिची सुई पाच वर्षांनंतरही मिळेल काय? ज्याची सुई मिळत नाही ते कार्ट्रिज कितीही नावाजलेले असो, आपल्या कामाचे नाही. शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनविणेच थांबविले. तेव्हा मोठ्या नावावर विसंबून चालत नाही. टोकाच्या आकारात गोल आणि लंबवर्तुळाकार असे दोन मुख्य भेद आहेत. लंबवर्तुळाकार टोक बारीक तपशील अधिक टिपते, पण ते अचूक बसवावे लागते. गोल टोक थोडी चूक पोटात घालते. नवशिक्याने गोल टोकापासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

या प्रकारांना अँप्लिफायरमध्ये 'फोनो' असा वेगळा मार्ग लागतो. चुंबकाच्या कार्ट्रिजमधून निघणारी वीज काही हजारांश व्होल्टच असते. शिवाय तबकडी कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त करून कापलेले असतात, कारण मूळ खर्ज तसाच कापला तर चर फार रुंद होऊन गाणे मावणार नाही. वाजविताना हा हिशेब पुन्हा सरळ करावा लागतो. त्याचे प्रमाण १९५४ साली अमेरिकेत ठरले आणि मग बहुतेक सगळीकडे मान्य झाले. हा मार्ग नसेल तर आवाज किरटा आणि बारीक येतो, आणि माणूस उगाच कार्ट्रिजला दोष देतो.

तबकडी फिरविणाऱ्या यंत्राचाही इतिहास आहे, आणि तो बऱ्याच अंशी कामगारांचा इतिहास आहे. इंग्लंडमधील स्विंडन हे रेल्वे कारखान्याचे गाव. तेथे गॅरार्ड कंपनीने १९५० च्या दशकात ३०१ आणि १९६५ साली ४०१ हे नमुने काढले. त्यांत मोटरचा फेरा रबरी चाकामार्फत थाळीच्या आतल्या कडेला दिला जाई. ताकद भरपूर, पण रबर कडक झाले, किंवा एका जागी दबून राहून चपटे झाले, की घरघर सुरू होते. १९६१ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांच्या ए. आर. कंपनीने पट्ट्यावर चालणारे यंत्र काढले. त्याची थाळी आणि आर्म स्प्रिंगांवर तरंगते ठेवलेले होते, त्यामुळे मोटरची आणि जमिनीची थरथर सुईपर्यंत पोचेना. १९७० साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने, म्हणजे टेक्निक्सने, मोटरच्या आसावरच थाळी बसविली; रबरी चाक नाही आणि पट्टाही नाही. तिचे १२०० हे यंत्र १९७२ चे. ते २०१० साली बंद झाले आणि मागणीमुळे २०१६ साली पुन्हा सुरू झाले. गॅरार्डचे नशीब निराळे निघाले. १९७९ साली कंपनी ब्राझीलच्या मालकाला विकली गेली आणि पुढे स्विंडनचे काम थांबले. पण तेथल्या हातांनी बनविलेली ३०१ यंत्रे सत्तर वर्षांनंतरही फिरत आहेत. कारखाना मेला तरी चांगले काम उरते, याचा हा पुरावा आम्हां गिरणगावकरांना थोडा दिलासा देतो.

जुने यंत्र घेणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. थाळी हाताने फिरवून आसाला खेळ आहे का ते पाहावे. आर्म दोन बोटांनी अलगद हलवून तो कोठे अडतो का ते पाहावे. पट्टा किंवा रबरी चाक नवे मिळते का, याची चौकशी करावी. आणि यंत्र अमेरिकेतून आलेले असेल तर व्होल्टेजबरोबर विजेची आवर्तनेही तपासावीत. तिकडे ती सेकंदाला ६० असतात, आपल्याकडे ५०. पुष्कळ जुन्या मोटरी आवर्तनांवर चालतात. त्या आपल्याकडे सहाव्या हिश्श्याने मंद फिरतात आणि गवयाचा सूर उतरतो. अशा मोटरीची पुली बदलावी लागते.

यंत्र घरी आले की पहिले काम पाणसळ लावून थाळी सपाट करण्याचे. दुसरे काम भार मोजण्याचे. यासाठी लहान काटा मिळतो. आर्ममागचे वजन फिरवून, कारखान्याने सांगितलेल्या मर्यादेत भार आणावा. येथे पुष्कळांची समजूत चुकते. भार जितका कमी तितके चांगले, असे नाही. फार हलकी सुई चराच्या भिंतींना धरून राहत नाही. ती आत आपटत जाते आणि तेही इजा करते. माणसाच्या अंगावर झेपेल तेवढे काम हवे, अजिबात काम नसणे हा काही उपाय नव्हे, तसेच हे आहे. मर्यादेच्या मध्यावर किंवा किंचित वर भार ठेवावा. सुई उडी मारत असेल तर कारण शोधावे: धूळ, वाकडी तबकडी, अडकता आर्म, झिजलेले टोक. नाणे हे उत्तर नव्हे. नाणे तक्रार दाबते, कारण तसेच ठेवते.

तिसरे काम कोन जुळविण्याचे. तबकडी कापणारे हत्यार सरळ रेषेत आत जाते, आपला आर्म मात्र कमानीत फिरतो. त्यामुळे सुई बहुतेक ठिकाणी थोडी तिरपी असते. ही चूक कमीत कमी कशी ठेवावी याचे गणित लोफग्रेन याने १९३८ साली आणि बेअरवाल्ड याने १९४१ साली मांडले. कागदी कोनमापकावर दिलेल्या दोन बिंदूंवर सुई सरळ आली की ते गणित आपल्या घरात लागू झाले असे समजावे. आतल्या चरात हे विशेष महत्त्वाचे असते. बारा इंची लाँग-प्लेच्या काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर चर जातो, शेवटच्या गाण्याशी जेमतेम वीस सेंटीमीटर. तेवढ्या कमी लांबीत तेवढाच आवाज कोंबलेला असतो. म्हणून बाजूचे शेवटचे गाणे आधी फाटते.

पुढचे नियम रोजच्या सांभाळाचे. वाजविण्यापूर्वी तबकडीवरून मऊ कुंचा फिरवावा. सुईची धूळ मागून पुढे, म्हणजे आर्मच्या मुळाकडून आपल्याकडे झाडावी. उलट दिशेने झाडली तर दांडी मोडते. तबकडी मळली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ कापडाने चराच्या दिशेने पुसावी, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवावी, आणि चिठ्ठी कोरडी ठेवावी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते. ७८ ची तबकडी लाँग-प्लेच्या सुईने वाजवू नये. बारीक टोक चराच्या तळाशी घसरत जाते आणि तेथला कचराच ऐकू येतो. तबकड्या एकावर एक रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवू नयेत, बुरशी धरते. उन्हात ठेवल्यास त्या पापडासारख्या वाकतात. आणि हिऱ्याच्या सुईलाही वय असते. पाचशे तासांनंतर ती भिंगाखाली पाहावी, आणि हजार तासांच्या पुढे तिच्यावर भरवसा ठेवू नये. आठवड्याला दहा तास ऐकणाऱ्याचे पाचशे तास एका वर्षात भरतात. आमची सुई किती वर्षे चालली होती, ते आपण ऐकलेच आहे.

तबकडी पुन्हा चलनात आली आहे. अमेरिकेत २०२० साली तिच्या विक्रीची रक्कम कॉम्पॅक्ट डिस्कच्या रकमेला मागे टाकून पुढे गेली. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला. मूळ साचा कापण्यासाठी लागणाऱ्या लॅकर तबकड्या बनविणारे जगात दोनच मोठे कारखाने होते, त्यांपैकी हा एक. एवढा मोठा धंदा दोन कारखान्यांच्या हातकौशल्यावर उभा होता, हे आग लागल्यावर जगाला कळले. इकडे दुकानांत रंगीत सुटकेससारखी यंत्रे मिळू लागली आहेत. त्यांतील पुष्कळांत तेच सिरॅमिक कार्ट्रिज, तोच पाच ग्रॅमचा भार, आणि भार कमी करण्याची सोय नाही. आजोबांची तबकडी माळ्यावरून काढून तरुण मुले मोठ्या प्रेमाने तिच्यावर ती सुई ठेवतात. त्यांच्या प्रेमाबद्दल आमची शंका नाही. प्रेम आमचेही होते. प्रेमाने नाण्याचे वजन कमी झाले नाही.

शेवटी एका तबकडीची गोष्ट सांगून थांबतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेच्या पलीकडे धाडली. प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी आहे. तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. यानांची उड्डाणे ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये झाली. १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आम्हांला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. तबकडी पाठविणाऱ्यांनी नुसती तबकडी पाठविली नाही. सोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली, आणि सुई कोठे टेकवायची, थाळी किती वेगाने फिरवायची, हे वेष्टणावर आकृत्या काढून सांगितले. जे कधी आपले तोंड पाहणार नाहीत, त्यांच्यासाठीही त्यांनी ही दक्षता घेतली. आम्ही मात्र ओळखीच्या माणसाची, शेजारच्या खोलीतली ठेव घेतली आणि एवढेही केले नाही.

त्या मुलाने पेटी नेली नाही. "येथेच असू द्या," म्हणाला, "गावी वाजवायला काही नाही." चौदांपैकी नऊ तबकड्या नाण्यातून वाचल्या होत्या, त्या अजून स्वच्छ वाजतात. कचेरीत आता हलत्या चुंबकाचे कार्ट्रिज असलेले यंत्र आहे. दोन ग्रॅमचा भार आहे, जवळ काटा आणि पाणसळ आहे, आणि एक जादा सुई डबीत ठेवली आहे. पेटीच्या झाकणाच्या आत आम्ही एक कागद चिकटविला आहे. त्यावर भार किती, सुई कोणती, ती कोणत्या तारखेला बसविली आणि किती तास चालली, एवढेच लिहिलेले असते. तासांचा आकडा जो वाजवील त्याने वाढवायचा. गेल्या मे दिनाला तो मुलगा पुन्हा आला होता. त्याने सुई स्वतःच्या हाताने टेकविली, आणि बाजू संपल्यावर कागदावर आकडा मांडला.